कोणत्या गालावर

माझं काम एवढंच:
अश्रू कोणत्या गालावर होता, ते लिहून ठेवणं.

भाग एकशे बारा, प्रसंग नऊ. डावा गाल.
केस कानामागे, एक बट सुटलेली, बोटभर.
कप अर्धा. कॉफी गार.
(गार असल्याचं पडद्यावर दिसत नाही. तरी लिहिते.)

केझोन सिटीतली गल्ली, रात्रीचे तीन.
अग्निशमनचा बंब पाऊस पाडतोय,
तासाच्या भाड्यानं.
जोवेलिन आणि रेनांते नुसते शेजारी उभे राहिले तरी
बागिओपासून दावाओपर्यंत बायका उशीचं टोक चावतात.
इथे ते एकमेकांशी बोलत नाहीत.
भांडण नाही. विषय नाही.
तो व्हॅनमध्ये झोपतो, बूट न काढता.
ती फोनवर धाकटीचा अभ्यास घेते:
हाडं किती, झडपा किती, रक्त कुठून कुठे जातं.
मग कुणीतरी हाक मारतं,
दोघं उठून येतात, आणि असं बघतात
की माझं पेन थांबतं.
खोटं आहे हे मीच टिपून घेते,
वेळेसकट,
तरी थांबतं.

रेटिंग घसरलं की आमच्याकडे कुणाची तरी स्मृती जाते.
या वेळी रेनांतेची गेली.
त्याला आठवायला एकच खूण ठेवलीय लेखकांनी:
तिच्या उजव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग.
बेंहूर तो रोज रंगवतो,
मी रोज मोजते, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं.

झेनाइदाबाई श्रीमंत आई होतात.
परवा जोवेलिनला सात टेक, सात कानशिलात, सातही खऱ्या.
नंतर रुमालात बर्फ घेऊन त्याच आल्या.
कुबाओच्या बाजारात मासेवालीनं त्यांना बांगुस द्यायचं नाकारलं:
आधी त्या पोरीला घरात घे, मग ये.
रिकामी पिशवी हलवत बाई सेटवर आल्या
आणि दिवसभर खुशीत होत्या.

माझा एरास्तो जहाजावर ऑइलर आहे.
बंदर लागलं की आठ-आठ भाग एकदम बघतो,
इंजिनाच्या घरघरीवर, सबटायटल वाचत,
आपल्याच भाषेची.
आठवण येते वगैरे तो लिहीत नाही.
लिहितो: भाग शहाण्णव. कॉलर आधी आत, मग बाहेर.
मी वही काढते. बरोबर असतो.
लिहितो: एकशे चार. चूक सापडली नाही.
लिहितो: एकशे सातमध्ये तीन. झोपतेस ना?

अकरा वर्षांत मला कुणी
असं डोळ्यांत तेल घालून पाहिलेलं नाही,
आणि मी तर पडद्यावर कधीच नसते.

आज ओळखीचा प्रसंग.
बंबाचं पाणी, दिवे, छत्र्या धरलेली पोरं.
रेनांते तिचा हात उचलतो, बाही सारतो,
डागावर अंगठा ठेवतो
आणि त्याला सगळं आठवतं.
इतकं आठवतं की ध्वनीवाला माईकची काठी धरूनच रडतो,
झेनाइदाबाई, ज्यांचं आज काम नाही, त्याही रडतात.
दिग्दर्शक हळूच म्हणतो, झालं.

हात डावा होता.
बेंहूर दोन रात्री झोपलेला नाही.
मला बाही वर जाताना दिसलं. ओरडायला तोंड उघडलं,
पुन्हा करता आलं असतं, बंबाची अकरा मिनिटं शिल्लक होती.

मी वहीत लिहिलं: डाग डावीकडे.
पुढे कारणाची जागा असते.
ती कोरी ठेवली.

जहाज सांतोसला लागायला अजून नऊ दिवस.
पाऊस नळ बंद केल्यासारखा थांबला,
नळच बंद केला होता म्हणा,
आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत
पहिल्या पावांचा पत्रा बाहेर आला.
जोवेलिन ओल्या बाहीनं फोनवर विचारत होती,
डाव्या कप्प्यातून रक्त कुठे जातं?
रेनांते व्हॅनकडे जाता जाता म्हणाला,
सगळीकडे.